खिडकीतला काचेचा खंड्या

ठाण्यातल्या उपवन तलावाच्या काठावर एक खंड्या ठरलेल्या तारेवर बसतो. सकाळी फिरायला गेले की माझी नजर आधी त्यालाच शोधते. तपकिरी डोकं, पांढरा गळा, लाल दणकट चोच आणि उडाला की एकदम उघडणारा तो निळा. तो निळा मला घरी हवा होता, आमच्या पश्चिमेच्या खिडकीत, येऊरच्या डोंगराआड जाणाऱ्या उन्हात. म्हणून गेल्या पावसाळ्यात रंगीत काचेचे तुकडे जोडून खंड्या करायला घेतला. अकरा तुकडे होते आणि दीड महिना लागला. त्यातला अर्धा वेळ एकट्या पोटाने खाल्ला.

राजाबाई टॉवरच्या खिडक्यांसारख्या मोठ्या कामात काचा शिशाच्या खाचेदार पट्ट्यांमध्ये बसवतात. हाताएवढ्या पक्ष्याला ती पट्टी फार जाड होते. त्यासाठी प्रत्येक तुकड्याच्या कडेला तांब्याची पातळ चिकटपट्टी लावायची आणि पट्टीला पट्टी डाखायची, म्हणजे वितळवलेल्या धातूने सांधायची. अमेरिकेतल्या लुई कम्फर्ट टिफनीच्या रंगीत दिव्यांमुळे ही पद्धत नावारूपाला आली.

आमच्या मजल्यावरच्या काकांनी वागळे इस्टेटमध्ये काचकामात उमेदीची वर्षं घालवली. काच कापायचा हिरा त्यांनीच माझ्या हातात दिला. (हिरा म्हणायची सवय, खरं तर टोकाला पोलादाचं बारीक चाक असतं.) म्हणाले, "दाब सारखा ठेव आणि रेघ एकदाच ओढ. मागे फिरून गिरवायची नाही. गिरवलीस की चाकही जातं आणि काच भलतीकडे फुटते." चाकाला मशीनच्या तेलाचा थेंब लावून ओढलं, की पातळ मांजरपाट फाडल्यासारखा बारीक आवाज येतो. तो आवाज मधेच तुटला, तर रेघही तिथे तुटलेली असते. पहिले दोन दिवस मी खिडकीच्या साध्या काचेवर नुसता तो आवाज बसवत होते.

रंगीत काच निवडताना एक गोष्ट कळली, ती आधी कोणीतरी सांगायला हवी होती. दुकानात काच टेबलावर ठेवून बघू नका. ट्यूबलाइटखाली मला काळपट वाटलेली निळी काच मी बाजूला सारली होती. सहज दाराशी नेऊन उजेडात धरली, तर तोच माझा खंड्या! पांढऱ्या गळ्यासाठी आणि तपकिरी डोक्यासाठी दुधाळ काच घेतली.

आता पोट. पोटाचा तपकिरी तुकडा पांढऱ्या छातीला खालून कवेत घेतो, म्हणजे काच आतल्या बाजूला वळवून कापायची. काचेला सरळ जायला आवडतं, बाहेरचं वळणही ती चालवून घेते, पण आतलं खोल वळण आलं की तडा सरळ आरपार जातो. काकांनी सांगितल्याप्रमाणे आधी उथळ कमानी आखल्या आणि कलिंगडाच्या फोडीसारखा एकेक काप पक्कडीने काढत गेले. तरी तीन तुकडे गेले. तिसरा शेवटच्या कापाला गेला, तेव्हा मी आठवडाभर काम बंद ठेवलं. मग कागदावरचं चित्रच बदललं. पोटाचे दोन भाग केले आणि जोडाची रेघ पंख जिथून सुटतो तिथे आणली. खरा पंखही तिथूनच सुटतो! रेघ काच जोडते तशी चित्रही काढते, हे मला त्या आठवड्यात समजलं. आता नवं चित्र काढताना मी आधी रेघा बघते, रंग नंतर.

कडा घासायला यंत्र नव्हतं, धार लावायचा दगड वापरला. दगड सतत ओला ठेवायचा, काचेची भुकटी हवेत उडता कामा नये. काच 3 मिलिमीटरची, पट्टी साधारण साडेपाचची; ती बरोबर मध्यावर बसली, तर दोन्ही अंगांना सव्वा-सव्वा मिलिमीटर दुमडते. एका बाजूला सरकली, की डाखल्यावर रेघ वाकडीतिकडी दिसते. पट्टी पेन्सिलीच्या मागच्या टोकाने दाबून घट्ट बसवायची.

डाखताना चूक झाली ती तारेची. स्टेशनजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून साठ-चाळीसची तार आणली, साठ टक्के कथील आणि चाळीस टक्के शिसं. प्रमाण बरोबर होतं, पण त्या तारेच्या पोटात राळ भरलेली असते. डाख तडतडायला लागला, काचेवर चिकट तपकिरी डाग पडले. या कामाला भरीव तार लागते आणि फ्लक्स (डाख नीट धरावा म्हणून लावायचं रसायन) वेगळा लावायचा. सगळं पुसून पुन्हा केलं. डाखायची इस्त्रीही (सोल्डरिंग आयर्न) 25 वॉटची पुरत नाही, 100 वॉटची घेतली. खिडक्या उघड्या ठेवायच्या, पंख्याचा झोत कामावर घ्यायचा नाही, आणि शिसं असल्यामुळे हे काम स्वयंपाकाच्या ओट्यावर कधीच करायचं नाही. उठलं की साबणाने हात. काम झाल्यावर खंड्यालाही साबणाने चोळून धुतलं, कारण फ्लक्स राहिला तर पावसाळी हवेत हिरवट बुरशीसारखं चढतं.

टांगायची कडी नुसत्या कडेच्या पट्टीला डाखू नका, वजनाने पट्टीच सोलून येते. दोन काचांचा जोड जिथे कडेला येतो, तिथे कडी रुतवायची.

ऑक्टोबरात ऊन निवळल्यावर टांगला. साडेपाचला समोरच्या भिंतीवर निळा पंख उतरला, खाली छोटी लाल चोच. डोकं मात्र नाही, तिथे नुसती सावली. दुधाळ काच खिडकीत सुंदर उजळते, पण रंग पलीकडे जाऊ देत नाही. काका बराच वेळ भिंतीकडे बघत उभे होते. "डोक्याला पारदर्शक तपकिरी बघू," म्हणाले, "माझ्याकडे एक जुना तुकडा असेल."