स्टार्ट नसलेला रिमोट

माझ्याकडे आज चौदा जुने कन्सोल आहेत. पण संग्रहातली पहिली वस्तू कन्सोल नाही, रिमोट आहे. करड्या रंगाचा, नऊ पिनांचा, वायर जिथून निघते तिथं माझ्या दातांच्या खुणा असलेला. त्यावर बाणांचं बटण आहे, ए आहे, बी आहे, टर्बोची दोन आहेत. स्टार्ट नाही. सिलेक्टही नाही. तो दुसरा रिमोट आहे, म्हणजे माझा.

१९९६ च्या दिवाळीत नाशिकमध्ये सातपूरला बाबांच्या कंपनीत बोनस झाला आणि त्यांनी मेन रोडवरनं टीव्ही गेम आणला. आम्ही त्याला टीव्ही गेमच म्हणायचो, कन्सोल हा शब्द कितीतरी वर्षांनी कानावर आला. कार्ट्रिज म्हणजे कॅसेट, कंट्रोलर म्हणजे रिमोट, लेव्हल म्हणजे स्टेज. सिडकोतल्या आमच्या दोन खोल्यांत शोकेसमध्ये ओनिडाचा टीव्ही होता. त्याच्या मागे अँटेनाच्या भोकात गेमची वायर घालायची आणि पुढचं झाकण उघडून बारीक चाक फिरवत बसायचं, मुंग्यांमधून चित्र वर येईपर्यंत. चाक फिरवायचं काम दादाचं. मी समोर बसून "आलं, आलं, गेलं" एवढं सांगायचे.

दादा तेव्हा बारा वर्षांचा आणि मी आठ. पहिला रिमोट कुणाचा हा प्रश्न कधी निघालाच नाही. स्टार्ट आणि सिलेक्ट फक्त पहिल्या रिमोटवर, त्यामुळे कुठला गेम लावायचा, कधी सुरू करायचा, पाणी प्यायला कधी उठायचं, सगळं दादाच्या अंगठ्यावर. मारिओत तर दोघं असलो तरी एका वेळी एकच खेळणार. दादाचा मारिओ मेला की माझा लुइजी यायचा. तोवर रिमोट मांडीवर घेऊन मी बघत बसायचे आणि त्याच्या प्रत्येक उडीबरोबर माझाही अंगठा दाबला जायचा.

आमचा खरा गेम टँक. त्याचं नाव बॅटल सिटी आणि तो नामकोनं १९८५ मध्ये काढला, हे पुढे कळलं. विटांच्या भिंती, खाली मधोमध गरुड, आणि वरून एकामागून एक येणारे वीस टँक. दोघांनी मिळून गरुड वाचवायचा. माझी गोळी चुकून दादाच्या टँकला लागली तर तो मरायचा नाही, लुकलुकत जागच्या जागी अडकून पडायचा. थोडाच वेळ, पण तेवढ्यात गरुड जायचा. मग दादा काही न बोलता नुसता माझ्याकडे बघायचा.

कॉन्ट्राचं तिसरं स्टेज धबधब्याचं. त्यात वर वर चढत जायचं असतं. एक जण भराभर वर गेला की स्क्रीन त्याच्याबरोबर सरकते आणि खाली राहिलेला मरतो. खाली राहिलेली कायम मी. दोन-तीनदा रडले. मग दादानं एक पद्धत काढली. तो एका दगडावर थांबायचा, "ये" म्हणायचा, मी उडी मारून "आले" म्हणायचे, मगच तो पुढच्या दगडावर. अख्खा धबधबा आम्ही ये, आले, ये, आले करत चढायचो. आतून आई विचारायची, "कोण आलंय रे?"

आणि बदकं. डक हंटची बंदूक दुसऱ्या रिमोटच्या जागी लावावी लागायची, म्हणजे माझा रिमोट काढूनच. बंदूक अर्थातच दादाकडे. पहिले काही दिवस मी नुसती बसून होते. दादाचा रिमोट खाली सतरंजीवर पडलेला असायचा, तो एकदा असाच उचलला आणि बाण दाबला, तर बदक वळलं. पुन्हा दाबला, पुन्हा वळलं. एक बदक येणारा जो प्रकार आहे त्यात रिमोटनं बदक उडवता येतं, हे गेम बनवणाऱ्यांनीच ठेवलेलं आहे. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा स्टार्टवाला रिमोट माझ्या हातात होता आणि दादाचा नेम लागेना. मी बदक कोपऱ्यात नेऊन गरागरा फिरवलं. आठ वर्षांच्या मुलीला याहून मोठं काही मिळालं असेल असं मला आजही वाटत नाही.

२००३ ला, कुंभमेळ्याच्या वर्षी, आम्ही सिडकोतून इंदिरानगरला राहायला आलो. सामान आवरताना आईनं टीव्ही गेम भंगारवाल्याला दिला. दादा इंजिनिअरिंगला गेला होता, वर्षभर कुणी गेमला हात लावला नव्हता, आईचं काही चुकलं नाही. दुसरा रिमोट तेवढा वाचला, कारण तो माझ्या टेबलाच्या खणात होता. तिथं तो का होता हे मला आठवत नाही.

मधली वर्षं मी फारसं खेळले नाही. कॉलेज रोडला तासावर प्लेस्टेशन खेळायला मिळायचं, तिथं मुलगे असायचे, मी बाहेरून बघून पुढे जायचे.

मग अंबडला नोकरी लागली. स्विचगिअरच्या कंपनीत तयार पीसीबी, म्हणजे सर्किट बोर्ड, तपासायचं काम. दिवसभर भिंगातून सोल्डर बघायचं. २०१३ मध्ये एका रविवारी तो रिमोट हाताला लागला आणि मी तो उघडला. बटणांखालच्या रबराला कार्बनच्या काळ्या टिकल्या असतात. त्या बोर्डावरच्या, एकमेकांत बोटं गुंफल्यासारख्या दोन पट्ट्यांना टेकल्या की जोडणी होते. बीची टिकली झिजून आरशासारखी चकाकत होती. बी म्हणजे कॉन्ट्रातली गोळी. आणि बोर्डाच्या मधोमध स्टार्ट आणि सिलेक्टच्या पट्ट्या आखलेल्या होत्या. दोन्ही. तांबं जसंच्या तसं. वर फक्त रबर नव्हतं आणि कव्हरला भोक पाडलेलं नव्हतं. मी बराच वेळ ते बघत बसले. बीची टिकली बदलली, कव्हर लावून टाकलं. स्टार्ट बसवणं दहा मिनिटांचं काम होतं, पण मला तो आहे तसाच हवा होता.

मात्र त्या रिमोटला सेट हवा होता. अंबड लिंक रोडच्या भंगार बाजारात मी सहा-सात शनिवार फिरले. शेवटी दीडशे रुपयांत एक सेट मिळाला, रिमोटशिवाय. नऊ पिना सारख्या दिसल्या तरी या नकली सेटांमध्ये कुठल्या पिनेला काय जोडलंय ते सारखं असेलच असं नाही, म्हणून आधी मल्टिमीटर लावून एकेक पिन तपासली. सेट मेलेला होता. अ‍ॅडाप्टरच्या नऊ व्होल्टचे पाच करणारा ७८०५ नावाचा भाग तापून गेला होता. तो बदलला, त्याच्यामागे उष्णता पळवायचं मलम लावलं, दोन सुकलेले कपॅसिटर बदलले. टँकची कॅसेट लावली, चित्र आलं. नाव आलं, एक खेळाडू, दोन खेळाडू आलं, आणि पुढे जाता येईना. स्टार्टच नव्हतं. रात्रीचे अकरा वाजले होते. मी पुण्याला दादाला फोन लावून म्हटलं, "तुझ्याशिवाय सुरू होत नाहीये." पहिला रिमोट मिळायला तीन महिने लागले. गोदाघाटावर बुधवारच्या बाजारात, जुन्या चार्जरांच्या ढिगात तो पडलेला होता.

त्यानंतर बाकीचे येत गेले. मेगा ड्राइव्ह, पहिला प्लेस्टेशन, चार पेन्सिल सेलवर चालणारा गेम बॉय, आणि २०१८ मध्ये ज्याची सगळ्यात जास्त वाट पाहिली तो, जपानचा फॅमिकॉम. निन्टेंडोनं तो १५ जुलै १९८३ ला विक्रीला आणला. मासायुकी उएमुरा यांनी तो घडवला. आपल्याकडच्या टीव्ही गेममध्ये जे होतं ते सगळं याचीच नक्कल. पांढरा आणि गर्द लाल. खोक्यातून काढला तेव्हा पहिल्यांदा मी दुसरा रिमोट बघितला. स्टार्ट नाही, सिलेक्ट नाही. म्हणजे आमच्या नकलेत कुणी काटकसर केली नव्हती, मुळातच तसं होतं. पण मूळ रिमोटवर त्या जागी माइक आहे. बारीक जाळी आणि आवाजाची सरकपट्टी. धाकट्यांना स्टार्ट दिलं नाही, पण बोलायला दिलं होतं. आमच्यापर्यंत येता येता तेवढंच गळालं.

तो चालवण्याआधी व्होल्टेज आणि अ‍ॅडाप्टरचं टोक दोन्ही नीट तपासा, त्यात बाहेरची बाजू धन आणि आतली ऋण असते. शिवाय त्याचा सिग्नल जपानच्या चॅनेलांवर निघतो, आपल्या टीव्हीला तो सापडतच नाही. आतून एव्हीची वायर काढावी लागली. एवढं करून मारिओ लावला आणि मी दचकले. तो पळत होता. गाणंही घाईत वाजत होतं. वाटलं, माझंच काही चुकलंय. मग लक्षात आलं. जपानमधला टीव्ही सेकंदाला साठ वेळा चित्र काढतो, आपला जुना टीव्ही पन्नास वेळा, आणि गेमची चाल त्या चित्रांना बांधलेली असते. आमचा सेट पन्नासवाला. म्हणजे सिडकोतला आमचा मारिओ सगळं बालपण सावकाश पळत होता आणि ते गाणं आम्ही सावकाशच ऐकलं. मूळ चाल साठची आहे हे मला माहीत आहे. मी अजूनही पन्नासवरच खेळते.

मारिओबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण बोर्ड बघणाऱ्या माणसाला ती फार आवडते. अख्खा गेम चाळीस किलोबाइटचा. आज मोबाइलवरचा एक साधा फोटोही त्याहून मोठा असतो. जागा वाचवायला त्यांनी ढग आणि झुडूप एकच चित्र ठेवलंय, वर पांढरं रंगवलं की ढग, खाली हिरवं रंगवलं की झुडूप. लहानपणी हजारदा बघूनही आमच्या ते लक्षात आलं नव्हतं. आता एकदा दिसलं की दिसतच राहतं.

ऑगस्ट २०१६ चा पूर. गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं यावरून नाशिककर पुराचा अंदाज बांधतात. त्या वर्षी सराफ बाजारातल्या दुकानांत पाणी शिरलं. तिथल्याच एका बोळात आमच्या लहानपणी कॅसेट बदलून मिळायच्या, जुनी द्या, वर वीस रुपये द्या, दुसरी न्या. दुकान केव्हाच दुसऱ्या धंद्याचं झालं होतं, पण काकांनी जुना माल तळाच्या कपाटात ठेवला होता. पाणी उतरल्यावर मी गेले तेव्हा ते चिखलाच्या गोळ्यांचं पोतं रस्त्यावर काढत होते. "न्यायचं तर ने गं, पण काय उपयोग?"

एकतीस कॅसेट. कॅसेट म्हणायची सवय आहे म्हणून, नाहीतर आत फीत नाहीच. गाण्याची कॅसेट असती तर संपलीच होती. यात असतो एक हिरवा बोर्ड आणि त्यावर काळ्या डांबरासारखा थेंब, थेंबाखाली चिप. गेम त्या चिपमध्ये कारखान्यातच कायमचा कोरलेला असतो, चिखलपाण्यानं तो पुसला जात नाही. बिघडतात त्या कडेच्या साठ पट्ट्या. मी सगळ्या उघडल्या, बादलीत चिखल सोडवला, डिस्टिल्ड वॉटरनं धुतल्या, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून मऊ दातब्रशनं पट्ट्या घासल्या, आणि चार दिवस गच्चीच्या जिन्यात पंख्याखाली सावलीत वाळवल्या. उन्हात नाही. आणि कृपा करून फुंकू नका. लहानपणी सगळ्यांनीच फुंकलं, पण उपयोग व्हायचा तो कॅसेट काढून पुन्हा घातल्याचा. तोंडाची वाफ मात्र पट्ट्यांवर बसून त्या गंजतात. एकतीसपैकी सव्वीस चालल्या. एकीच्या मागे बॉलपेननं कुणीतरी "हरवू नये" लिहिलंय. ते पुरातही गेलं नाही.

पिवळे पडलेले सेट पेरॉक्साइडनं पांढरे करायची पद्धत आहे. मी करत नाही. ज्या घरात ते उन्हाजवळ वर्षानुवर्षं ठेवलेले होते, त्या घराचा तो रंग आहे.

राहता राहिली बंदूक. ती सपाट टीव्हीवर चालत नाही. घोडा ओढला की स्क्रीन क्षणभर काळी होते आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो. बंदुकीच्या नळीत प्रकाश ओळखणारी नजर असते. ठरलेल्या क्षणी तिला तो पांढरा दिसला तर नेम लागला. सपाट टीव्ही चित्र उशिरा दाखवतो, तोवर बंदुकीचं बघून झालेलं असतं. म्हणून मी डब्याचा टीव्ही शोधत होते. गेल्या वर्षी शेजारच्या सोसायटीत एक आजी त्यांचा एकवीस इंची टीव्ही काढणार होत्या. दोघांनी धरून तो दुसऱ्या मजल्यावर आणला.

भाऊबीजेला दादा आला. ओवाळून झालं, ताटात त्यानं पाकीट ठेवलं, आणि मी त्याला आतल्या खोलीत नेलं. जुना करडा रिमोट दुसऱ्या सॉकेटमधून काढला, त्या जागी बंदूक लावली, बंदूक त्याच्या हातात दिली. त्याचे केस आता पांढरे होत आलेत. चष्मा वर सरकवून तो टीव्हीपासून बरोब्बर तेवढाच लांब बसला, जितका सिडकोत बसायचा. मी पहिला रिमोट घेऊन पलंगाच्या कडेला. स्टार्ट दाबलं. कुत्रा हुंगत हुंगत गवतात गेला, बदक उठलं.

पहिली गोळी हुकली. मी बदक डावीकडे नेलं, दुसरी हुकली. "ए छोटे," तो स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाला, "रिमोट खाली ठेव." मी बदक वरच्या कोपऱ्यात नेऊन फिरवायला लागले. तिसरीही गेली. एका बदकाला तीनच गोळ्या असतात. ते पंख मारत वर निघून गेलं आणि गवतातून कुत्रा हसत वर आला. स्वयंपाकघरातनं आईनं विचारलं, "काय झालं रे?"