एक दिवस मागे सरकलेली जन्मतारीख

फॉर्ममध्ये १० मार्च भरली, प्रोफाइलवर ९ मार्च दिसली. डेटाबेसात मात्र १० मार्चच.

जावास्क्रिप्टच्या डेट ऑब्जेक्टला नुसती '१९९०-०३-१०' अशी स्ट्रिंग (मजकूर) दिली, की तो ती यूटीसीची, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेची, मध्यरात्र धरतो. त्याच स्ट्रिंगपुढे 'टी००:००' जोडलं, की ती ब्राउझरच्या स्थानिक वेळेत वाचली जाते. एवढाच फरक! यूटीसीच्या मागे असलेल्या पश्चिमेकडच्या वापरकर्त्यासाठी मध्यरात्रीतून काही तास वजा होतात आणि तारीख आदल्या दिवशी जाते. पूर्वेकडे बसून टेस्ट करणाऱ्याला हे दिसतच नाही. त्याला तारीख यूटीसीत लिहून देणारं टूआयएसओस्ट्रिंग हे फंक्शन फसवतं: स्थानिक मध्यरात्र यूटीसीत नेली, की तीही आदल्या दिवसात.

खरं तर जन्मतारीख हा क्षण नाहीच. तिला वेळ नाही, टाइमझोन नाही. म्हणून टाइमस्टॅम्प (तारीख-वेळेचा नेमका क्षण) नको, साधा 'डेट' कॉलम हवा. जावास्क्रिप्टच्या नव्या टेम्पोरल एपीआयमधला प्लेनडेट, म्हणजे फक्त तारीख ठेवणारा प्रकार, याचसाठी आहे.

पुढच्या वर्षीच्या मीटिंगचं वेगळं. मधल्या काळात एखादा देश घड्याळाचे नियम बदलू शकतो, म्हणून स्थानिक वेळेसोबत 'युरोप/पॅरिस' असं झोनचं नाव साठवायचं. नुसता '+०१:००' हा यूटीसीपासूनचा फरक पुरत नाही, उन्हाळ्यात तिथे '+०२:००' असतं.

तुमच्या टेबलमध्ये जन्मतारखेचा कॉलम कोणत्या प्रकारचा आहे?