ताईची 'मामा' झाली: झांझिबारमधले सात दिवस

विमानतळाबाहेर टॅक्सीवाल्यानं ताईच्या हातातली बॅग घेतली आणि हसून म्हणाला, "करिबू, मामा!" ताईनं मागं वळून पाहिलं. तिला वाटलं, मागं कुणाचा तरी मामा उभा असणार. संध्याकाळपर्यंत फळवाला, हॉटेलातला पोरगा, रस्ता दाखवणारा पोलीस, सगळे तिला मामा म्हणत होते आणि मला दादा. स्वाहिलीत मामा म्हणजे आई, दादा म्हणजे बहीण आणि काका म्हणजे भाऊ. ताई बासष्ट वर्षांची, मी सत्तेचाळीसची, म्हणजे हिशेब बरोबरच होता. हिशेबाला ते 'हेसाबू' म्हणतात. दुकानाला दुका, बर्फाला बराफू, साबणाला साबुनी, लाखाला लाकी. हा लाकी शब्द पहिल्याच दिवशी उपयोगी पडला, कारण शंभर डॉलर बदलले तर हातात दोन लाखांहून जास्त शिलिंग आले. ताई म्हणाली, "आयुष्यात पहिल्यांदा लखपती झाले, आणि तेही नवऱ्याला न सांगता."

खरं सांगायचं तर टांझानियाच्या या बेटावर आम्ही निघालो होतो निळं पाणी बघायला. इतिहासासाठी दोन दिवस ठेवले होते ते केवळ ताईच्या हट्टापायी. पण स्टोन टाउनच्या, म्हणजे इथल्या जुन्या शहराच्या, गल्ल्यांत शिरलो आणि दोनाचे चार झाले.

गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून सायकल आली तर भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. घरं प्रवाळाच्या दगडाची आणि चुन्याची. दारं मात्र बघत राहावी अशी, जाड लाकडाची, कोरीव चौकटीची, आणि बऱ्याच दारांवर पितळेचे टोकदार खिळे. आमचा गाईड म्हणाला, ही भारतातली पद्धत, हत्तीनं धडक देऊ नये म्हणून. झांझिबारला हत्ती नाहीत, हेही त्यानंच सांगितलं. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाचे खिळे आठवले. तिथं ते भीतीपोटी होते, इथं नुसते ऐटीसाठी.

समुद्राकडे तोंड करून 'बैत अल अजाईब' उभं आहे, म्हणजे नवलांचा वाडा. सुलतान बर्गशनं तो १८८३ मध्ये बांधला. झांझिबारमध्ये विजेचे दिवे पहिल्यांदा आले ते इथं, आणि पूर्व आफ्रिकेतली पहिली लिफ्टही इथलीच. डिसेंबर २०२० मध्ये त्याचा एक भाग कोसळला, त्यामुळे आम्ही पाहिला तो परांची बांधलेला आणि पत्रे ठोकलेला. या बर्गशची गोष्ट मला तिथं पोचेपर्यंत माहीत नव्हती. भावाविरुद्ध बंड केलं म्हणून १८५९ मध्ये त्याला हद्दपार केलं होतं, आणि कुठं, तर मुंबईला! दोनेक वर्षं तो तिथं राहिला. १८७० मध्ये गादीवर आला आणि पुढं त्यानं शहरात नळानं गोडं पाणी आणलं. मुंबई बघून आलेल्या माणसाला नळ हवासा वाटला असेल, हा आपला माझा तर्क.

मुंबईचा दुसरा धागा एवढा गोड नाही.

जुन्या गुलामबाजाराच्या जागी आज अँग्लिकन चर्च आहे. जिथं गुलामांना बांधून फटके मारत, तो खांब होता तिथंच वेदी बांधली आहे आणि जमिनीत पांढऱ्या संगमरवराचं वर्तुळ बसवलंय. आतले काही खांब उलटे बसलेत, वरची नक्षी खाली. बिशप रजेवर असताना गवंड्यांनी ते तसे बसवले असं सांगतात. एरवी मी हसले असते. पण त्याआधी बाहेरचं स्मारक पाहून आले होते. जमिनीत चौकोनी खड्डा, त्यात दगडाची पाच माणसं उभी, जमिनीतून पुरती बाहेर न आल्यासारखी, आणि त्यांच्या गळ्यांत साखळी. साखळी मात्र कोरलेली नाही, खरी आहे, त्या काळातली. एका कडीला गंजाचे पापुद्रे सुटले होते. ताई कठड्याला धरून बराच वेळ उभी राहिली आणि मग म्हणाली, "चल."

हा बाजार बंद झाला जून १८७३ मध्ये. त्यासाठी सुलतानाशी बोलायला इंग्लंडहून आलेला माणूस म्हणजे बार्टल फ्रियर, आपल्या मुंबईचा माजी गव्हर्नर. किल्ल्याचा तट पाडला तो त्याच्याच काळात, आणि फ्लोरा फाउंटनला आधी त्याचंच नाव होतं. सुलतान त्याला बधला नाही. पुढं जॉन कर्क या ब्रिटिश कॉन्सलनं, म्हणजे सरकारच्या इथल्या प्रतिनिधीनं, आरमारी नाकेबंदीची धमकी दिली, तेव्हा सही झाली.

इथं मी मनातल्या मनात 'आपला गव्हर्नर' म्हणून जरा फुशारले होते. गाईडनं पुढचं वाक्य अगदी साध्या आवाजात सांगितलं. लवंग, हस्तिदंत आणि गुलाम यांच्या व्यापारात भांडवल कुणाचं होतं? बरंचसं कच्छी आणि गुजराती पेढ्यांचं. बंदराची जकात वर्षानुवर्षं जयराम शिवजींच्या पेढीकडे मक्त्यानं होती. १८६० च्या सुमारास ब्रिटिश कॉन्सल रिग्बीनं इथल्या हिंदी लोकांच्या घरचे हजारो गुलाम सोडवले. शाळेत आम्हाला गुलामगिरी शिकवली ती गोऱ्यांची, अमेरिकेतली. त्या व्यापारात हिंदीही होते, हे मी सत्तेचाळिसाव्या वर्षी ऐकत होते, आणि तेही ज्याचे पूर्वज कदाचित त्या साखळीत होते अशा माणसाकडून. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं वाटलं असतं.

दुपारी केन्याटा रोडवरच्या फ्रेडी मर्क्युरी संग्रहालयात गेलो. फ्रेडी म्हणजे 'क्वीन' या इंग्लिश रॉक बँडचा गायक. मूळ नाव फरोख बलसारा, जन्म इथलाच, १९४६ चा. आम्ही दोघी वाईच्या, त्यामुळे आमचा जीव भलत्याच गोष्टीत. आठव्या वर्षी आईबापांनी त्याला बोटीत बसवून शिकायला पाठवला, तो पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये! भिंतीवर शाळेचा फोटो दिसताच ताईनं तिकीटवाल्या मुलीला खुणेनं सांगितलं, हे आमच्या घरून वर घाट चढला की लागतं. मुलीनं मान डोलावली. रोज कुणीतरी काहीतरी सांगत असणार. जानेवारी १९६४ च्या क्रांतीत इथले अरब आणि हिंदी मारले गेले, घरं लुटली गेली, आणि त्याच वर्षी बलसारा कुटुंब इंग्लंडला गेलं. एप्रिलमध्ये झांझिबार आणि टांगानिका एक होऊन टांझानिया झाला.

रात्री फोरोधानी बागेत खाऊगल्ली भरते. आल्या-लिंबाचा उसाचा रस, सळईवर भाजलेला पवेझा म्हणजे ऑक्टोपस. भाव आधी विचारा, नंतर विचारलात तर पर्यटकाचा लागतो. तिथल्या पिझ्झाचा फार बोलबाला आहे, मला तो मुर्ताबाकसारखा, म्हणजे अंडं घातलेल्या भरल्या पराठ्यासारखा वाटला. जिवाला लागलं ते उरोजो. वाटीत भजी, उकडलेला बटाटा, कसावाच्या कुरकुरीत काड्या, खोबऱ्याची चटणी आणि वरून कैरीचं पिवळं आंबट सार. पर्यटकांसाठी त्याला 'झांझिबार मिक्स' म्हणतात. मिक्स म्हणजे मिसळच की!

मसाल्याच्या बागेत ताई सुटली. जुलै असल्यानं लवंगेचा हंगाम नुकताच लागला होता. कळ्या उमलायच्या आत खुडतात, आणि चटईवर वाळत घातल्या की हिरव्या-गुलाबीच्या तपकिरी होतात. जायफळ फोडून दाखवलं, आत लालभडक जायपत्रीची जाळी. दालचिनीला म्हणतात मदालासिनी. शेवटी माणसानं झाडावरचं फळ दाखवून विचारलं, हे काय, सांगा. ताई म्हणाली, "फणस." तो म्हणाला, "फेनेसी." दोघंही एकमेकांकडे बघून जिंकल्यासारखे हसले.

चांगू बेटाला, म्हणजे प्रिझन आयलंडला, अर्ध्या तासाची होडी. तुरुंग बांधला पण त्यात कैदी ठेवलेच नाहीत, पीतज्वराच्या संशयितांसाठी वापरला. १९१९ मध्ये सेशेल्सहून आलेल्या कासवांचा कुटुंबकबिला आहे, पाठीवर निळ्या रंगात वयाचे आकडे. बघून या. जोझानीच्या जंगलातली लाल माकडं मात्र चुकवू नका, ती जगात फक्त याच बेटांवर आहेत आणि पोट बिघडू नये म्हणून चुलीतला कोळसा खातात.

मग शेवटचे तीन दिवस जांबियानी. पहिल्या सकाळी उठून पाहिलं तर समुद्रच नाही! ओहोटीला पाणी किलोमीटरभर आत जातं. आम्ही पैसे भरून आलो होतो निळ्या पाण्यासाठी आणि समोर ओल्या वाळूचं मैदान. पोहायचंच असेल तर उत्तरेला केंद्वा किंवा नुंग्वीला जा, तिथं भरती-ओहोटीचा त्रास कमी. पण जांबियानीच्या त्या मैदानात बायका कामाला लागलेल्या. खुंट रोवून दोऱ्या ताणायच्या, दोरीला समुद्री शेवाळाचे झुबके बांधायचे, सहाएक आठवड्यांनी कापायचे. यातून निघणारा, घट्टपणा आणणारा पदार्थ टूथपेस्टमध्ये, आइस्क्रीममध्ये जातो. पाणी तापायला लागल्यापासून जास्त पैसे देणारं जाडं वाण उथळ पाण्यात टिकत नाही, आणि बायकांना खोल पाण्यात जावं लागतं. यातल्या कित्येकींना पोहता येत नाही.

ताई बघायला म्हणून आत चालत गेली, चप्पल हातात घेऊन. आणि काळ्या काट्यांच्या सी अर्चिनवर पाय पडला. टाचेत सात काटे, पेन्सिलीच्या टोकासारखे मोडलेले. मी सुई शोधत होते, तेवढ्यात शेवाळ बांधणारी एक आजी, इथल्या भाषेत बीबी, आली, पाठ वाकलेली, अंगाभोवती गुंडाळलेला कांगा कमरेपर्यंत भिजलेला. तिनं ताईला धरून किनाऱ्यावर आणलं, नातवाला पिटाळलं, तो कच्ची पपई घेऊन आला. पपईला चीर देऊन तिनं पांढरा चीक थेंब थेंब टाचेवर सोडला. ताईचा पाय तिच्या मांडीवर.

आठवडाभर लहान पोरं ताईला 'शिकामू' म्हणत होती. वडीलधाऱ्यांना करायचा नमस्कार, मूळ अर्थ 'पाय धरतो' असा सांगतात. त्याला मोठ्यांनी 'मराहाबा' म्हणायचं. ताईला ते आवडायला लागलं होतं. आता ती पाय ओढून घेत, ओशाळून म्हणाली, "शिकामू, बीबी."

आजीनं मान वर केली नाही. "मराहाबा," म्हणाली, आणि पुढचा काटा शोधायला लागली.