वर्गाचा ब्लॉग आणि रहाडीतला धप्पा

मी आठवीला मराठी शिकवते, नाशिकला, जुन्या गावातली शाळा आहे. निबंधाच्या वह्या तपासून डोकं उठायचं, कारण पावसाळा म्हटलं की प्रत्येक वहीत तोच बळीराजा सुखावतो आणि तीच धरणीमाता हिरवा शालू नेसते. पोरांचा दोष नाही म्हणा, वाचणारी मी एकटीच, आणि मला काय हवंय ते त्यांना पाठ.

म्हणून गेल्या वर्षी ठरवलं की वर्गाचा ब्लॉग काढायचा. ब्लॉगर फुकट आहे, गुगलचं खातं असलं की दहा मिनिटांत ब्लॉग तयार होतो. खरा वेळ गेला परवानगीत. मुख्याध्यापक सरांचा पहिलाच प्रश्न, "मॅडम, मुलांची नावं नेटवर जाणार?" बरोबरच होतं त्यांचं. मग नियम केले, फक्त पहिलं नाव, आडनाव नाही, चेहऱ्याचा फोटो नाही, शाळेचं नाव नाही, आणि पालकांची सही असलेली चिठ्ठी. मुलांची खाती काढायची नाहीत हेही ठरलं, कारण आपल्याकडे १३ वर्षांखालच्यांना पालकांशिवाय गुगल खातं काढता येत नाही आणि आठवीत काहींना तेरावं लागलेलं नसतं. त्यामुळे मुलांनी लिहून आईबाबांच्या व्हॉट्सॲपवरून मला पाठवायचं, पोस्ट मी टाकायची. आकारिक मूल्यमापनात उपक्रम दाखवावे लागतातच, त्यात हे बसवलं आणि सर तयार झाले.

पहिल्या आठवड्यात आलेल्या पोस्टींपैकी निम्म्या सरळ नेटवरून उचललेल्या. बाकीच्यांनी जीबोर्डचा माईक दाबून बोलून लिहिलेलं, त्यात पूर्णविराम औषधालाही नाही. मी रागावले नाही, फळ्यावर तसाच एक परिच्छेद लिहिला आणि एका दमात मोठ्याने वाचायला सांगितला. दुसऱ्या ओळीला पोरं धापा टाकायला लागली. विरामचिन्हांचा धडा इतका हसत-खेळत याआधी कधी झाला नव्हता.

एक मुलगा, त्याला आपण ओंकार म्हणू, परीक्षेत चार ओळींच्या वर कधी जात नाही. त्याने रंगपंचमीवर लिहिलं, "रंगपंचमी हा आपल्या देशातील एक महत्त्वाचा सण आहे." राहतो जुन्या नाशकातल्या तिवंधा चौकाजवळ, जिथे रंगपंचमीला रंगाची रहाड उघडते, आणि तिचा उल्लेख सुद्धा नाही! मी म्हटलं ठीक आहे, टाकते. आणि टाकली तशीच. खाली वर्गातल्याच एका मुलीची कमेंट आली, ती गंगापूर रोडला राहते, दोन वर्षांपूर्वीच नाशिकला आलेली, "तुमच्याकडे ती रहाड असते ना, ती काय असते?" झालं, पठ्ठ्याने रात्री उत्तर पाठवलं, ते पोस्टीच्या तिप्पट. की रहाड म्हणजे पेशव्यांच्या काळातला दगडी हौद, वर्षभर वर लाकडं टाकून माती लोटून बंद असतो, आपण रोज त्याच्यावरून चालतो आणि पाहुण्यांना पत्ताही नसतो, रंगपंचमीला उघडतात, आमच्या रहाडीचा रंग पिवळा, आणि धप्पा मारला, म्हणजे रंगात उडी टाकली, की दोन दिवस कानातून रंग निघतो, आणि "आईने मला पुढच्या दाराने घरात घेतलं नाही, मागून मोरीत नेलं". हे मी दहा वेळा लाल पेनाने "सविस्तर लिही" लिहून आलं नसतं. विचारणारीला खरंच माहीत नव्हतं, एवढाच फरक.

एक चूक माझीही झाली. कमेंट सगळ्यांना मोकळ्या ठेवल्या होत्या, आणि कुणीतरी निनावी एका मुलीच्या शुद्धलेखनावरून घाण टोमणा मारला. दिवसभर तो तसाच होता, मी संध्याकाळी पाहिला. ती दोन आठवडे काही लिहायला तयार नव्हती. तेव्हापासून सेटिंगमध्ये जाऊन मॉडरेशन कायमचं चालू केलंय, मी पास केल्याशिवाय काही दिसत नाही. हे पहिल्या दिवशीच करायला हवं होतं. वेळही जातो खूप, हे लपवत नाही, वह्यांचं ओझं कमी झालं नाही, वर हे वाढलं. ज्यांच्या घरी फोन एकच आणि तो बाबांबरोबर कामावर, त्यांचं कागदावर घेते आणि मधल्या सुट्टीत मीच टाइप करते.

पण त्याच मुलीने नंतर पावसाळ्यात गोदेच्या पुरावर लिहिलं, की पाणी वाढलं की आमच्याकडे फूट-मीटर कुणी विचारत नाही, गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत आलं ते विचारतात, गुडघा, कंबर, छाती. बळीराजा नाही, हिरवा शालू नाही. त्याखाली वर्गातल्या एकाच्या आजोबांची कमेंट आली, १९६९ च्या महापुराची, तेव्हा घरातलं काय काय डोक्यावर घेऊन निघाले ते सगळं, बोलून टाइप केलेलं, भलीमोठी, पूर्णविराम एकही नाही. मी ती वर्गात वाचून दाखवली तर वाचता वाचता मलाच दम लागला, आणि मागच्या बाकावरून ओंकार ओरडला, "मॅडम, आजोबांना पण फळ्यावर घ्यायचं का?"