बाकी सर

स्मरणिका समितीने मला दोन पानं दिली आहेत. पत्र्याच्या खोल्या, बोअरला पाणी लागलं तो दिवस, गॅदरिंगमधली नाटकं यांवर बाकीची मंडळी लिहितीलच. माझी दोन्ही पानं मी बाकी सरांना देतो. 1987 पर्यंत जे शाळेत होते त्यांना सरांचं खरं नाव सांगायला नको. कुठलीही संख्या दिसली की त्यांचा पहिला प्रश्न असे, "बाकी किती?" त्यावरून ते बाकी सर. हे नाव त्यांच्या कानावर होतं आणि त्यांना ते चालतही होतं.

सरांचं स्वतःचं शिक्षण निजामाच्या राजवटीत, उर्दूतून झालेलं. भागाकार करताना पाढा उर्दूत पुटपुटायचे आणि उत्तर मराठीत सांगायचे. आम्हाला त्याचं फार हसू यायचं.

आठवीत एका बाजाराच्या दिवशी त्यांनी फळ्यावर गणित घातलं. खुरपं 15 रुपयांना, विळा 21 रुपयांना. शंभराची नोट पुरी मोडायची, एक रुपयाही परत आणायचा नाही. तर खुरपी किती आणि विळे किती? (त्या काळी खुरपं इतकं महाग नव्हतं, पण गणितातले भाव नेहमीच वेगळे असतात.) सर हजेरीपट भरत बसले. आम्ही एक विळा, दोन विळे, तीन विळे असं करत वहीची पानं भरवली. तास संपत आला तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, जमंना झालंय."

"जमणारच नाही," सर म्हणाले. "15 ला 3 नं भाग जातो, 21 ला जातो. मग तुम्ही किती बी घ्या, बेरजेला 3 नं भाग गेलाच पाहिजे. शंभराची बाकी किती?"

एक.

"मग कशाला झिजवायलात पेन्सिल?"

एखाद्या गणिताला उत्तरच नाही आणि ते नाही हे सिद्ध करता येतं, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मसावि आम्हाला पाठ होता, पण तो कशासाठी काढायचा हे कुणी सांगितलं नव्हतं. पुढच्या तासाला सरांनी शंभरातला एक रुपया काढून घेतला. 99 ला मात्र उत्तर निघालं: एक खुरपं, चार विळे. आणि तेवढं एकच. सगळ्याला 3 ने भागलं की पाच खुरपी-सात विळे-तेहतीस असं समीकरण उरतं. दुसरं उत्तर हवं तर सात खुरपी वाढवून पाच विळे कमी करावे लागतात, आणि विळे तर चारच. अज्ञात दोन आणि समीकरण एक असलं की बीजगणितात हवी तेवढी उत्तरं मिळतात; पण अर्धा विळा कुणी विकत नाही म्हटलं की सगळा खेळच बदलतो.

अशा समीकरणांना जगभर अलेक्झांड्रियाच्या डायोफँटस या प्राचीन ग्रीक गणितज्ञाचं नाव आहे. गंमत म्हणजे डायोफँटसला स्वतःला अपूर्णांक चालत. पूर्णांकातच उत्तर हवं असा हट्ट धरून त्याची रीत दिली ती आर्यभटाने, 499 साली. तिचं नाव कुट्टक. मोठ्याला लहानाने भागायचं, मग लहानाला बाकीने, मग त्या बाकीला पुढच्या बाकीने. भागाकार थांबला की त्याच पायऱ्यांनी वर चढत यायचं. आर्यभटाला ती खुरप्या-विळ्यांसाठी नको होती, ग्रहांच्या फेऱ्यांचा हिशोब जुळवायला हवी होती. पाठ्यपुस्तकात यातलं काही नव्हतं. सर ते शनिवारी सकाळच्या शाळेत, खेळाच्या तासाला पाऊस असला तर शिकवत. म्हणजे क्वचितच, आपल्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे.

एकदा त्यांनी फळ्यावर दोन संख्या लिहिल्या: 1766319049 आणि 226153980. पहिलीचा वर्ग दुसरीच्या वर्गाच्या 61 पटीहून बरोबर एकाने जास्त. यापेक्षा लहान जोडी नाही. फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने 1657 मध्ये युरोपातल्या गणितज्ञांना हे आव्हान म्हणून घातलं, आणि भास्कराचार्यांनी 1150 च्या 'बीजगणित' या ग्रंथात हेच उदाहरण चक्रवाल रीतीने, म्हणजे त्याच पायऱ्या फिरून फिरून करत, सोडवून ठेवलं होतं. वर्गातला एक जण लगेच म्हणाला, भास्कराचार्य आपल्या बीडचेच. सर म्हणाले, "त्यांच्या घराण्याचा पाटणचा शिलालेख चाळीसगावजवळ आहे. अभिमान जरा जपून." मग एवढ्या मोठ्या संख्या खऱ्या कशावरून म्हणून आम्ही नवाचा ताळा घेतला, म्हणजे 9 ने भागून नुसत्या बाक्या जुळतात का ते पाहिलं. पहिलीची बाकी 1, दुसरीची 0, ताळा जुळला. आम्ही खूश. सरांनी तिथेच अडवलं. ताळा चुकला तर उत्तर नक्की चूक. जुळला तर एवढंच कळलं की अजून चूक सापडलेली नाही. बाकी 'नाही' म्हणते तेव्हा तिच्यावर विश्वास ठेवायचा, 'हो' म्हणते तेव्हा नाही.

हे नीट मुरलं ते जानेवारीच्या गणितांमुळे. नवीन वर्षाच्या पहिल्या तासाला सर फळ्यावर साल लिहीत आणि म्हणत, दोन वर्गांची बेरीज करून दाखवा. 1985 सोपं गेलं, दोन तऱ्हांनी जमलं: 44 आणि 7 चे वर्ग, किंवा 31 आणि 32 चे. 1986 ने छळलं. पूर्ण संख्येच्या वर्गाला 4 ने भागलं तर बाकी 0 किंवा 1 च उरते, म्हणून दोन वर्गांच्या बेरजेची बाकी 3 कधीच येत नाही, हे तोवर शिकवून झालं होतं. 1986 ची बाकी 2. म्हणजे चालायला हवं. चालेना. अखेर सरांनी 4 सोडून 3 धरायला लावलं. वर्गाची 3 ने बाकीही 0 किंवा 1. 1986 ला 3 ने भाग जातो, तेव्हा दोन्ही बाक्या 0 च असणार, दोन्ही संख्या 3 च्या पटीत येणार, आणि मग बेरजेला 9 ने भाग जायला हवा. तो जात नाही, 6 उरतात. मला आजही हा पुरावा त्या 61 पेक्षा सुंदर वाटतो. 1987 ला, आमच्या दहावीच्या वर्षी, कुणी वहीसुद्धा उघडली नाही. पुढच्या बाकांवरून एकदमच आवाज आला: "बाकी तीन, सर!" यंदाचं 2026 तर तोंडी जमतं, 45 चा वर्ग आणि 1.

1986 मध्येच देवळालीचे गणिती कापरेकर वारले. तेही शाळामास्तरच होते. सरांनी त्या दिवशी 6174 ची त्यांची करामत फळ्यावर दाखवली (सगळे अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घ्यायची, अंक उतरते आणि चढते लावून वजाबाकी करत राहायचं, शेवटी 6174 च येते), मग खडू ठेवून दिला आणि उरलेला तास वाचनाला दिला.

पुढे आपल्या भागात प्रवेश परीक्षांच्या तयारीच्या लातूर पॅटर्नचं वारं आलं. त्याने कितीतरी घरांत पहिला डॉक्टर, पहिला इंजिनिअर आणला, माझ्या भावाच्या घरातही. त्याला मी नावं ठेवणार नाही. पण चार पर्यायांतला एक बरोबर असणारच, हे त्यात आधीच ठरलेलं असतं. माझी नोकरी बँकेतल्या कर्जखात्यांची. हप्ते आणि उत्पन्न कितीही मांडलं तरी जुळणार नाही, असं पहिल्या दहा मिनिटांत कळणारी प्रकरणं तिथे रोज येतात. ते कर्जदाराला तोंडावर सांगायची सवय मला सरांमुळे लागली, साहेबांना ती फारशी आवडली नाही.

2019 साली मोबाईलवर बातमी वाचली की 42 ही संख्या तीन घनांची बेरीज म्हणून लिहिता आली. अँड्र्यू बुकर आणि अँड्र्यू सदरलँड यांनी जगभरच्या लोकांचे रिकामे संगणक जोडून उत्तर शोधलं. तिन्ही संख्या सतरा-सतरा अंकी, एक ऋण. पेपरच्या कडेला मी आधी 9 ने बाकी मांडली. घनाची बाकी 0, 1 किंवा 8 च येते, त्यामुळे तीन घनांची बेरीज 4 किंवा 5 बाकीवर कधीच थांबत नाही. 42 ची बाकी 6. म्हणजे ताळ्याने कधीच अडवलं नव्हतं, तरी उत्तर सापडायला एवढी वर्षं लागली. सर असते तर म्हणाले असते, "बघा, 'हो' म्हणाली होती."

शंभराच्या आतल्या संख्यांमधली ती शेवटची होती. त्यापुढे 114 अडून बसली आहे. तिचीही बाकी 6 च येते, आणि तिचं उत्तर आजवर कुणाला मिळालेलं नाही. गणिताच्या आताच्या बाईंना विनंती, एखाद्या ऑफ तासाला ती फळ्यावर लिहून ठेवावी.