जातीवर बोलणारं चॅनेल: ‘पब्लिश’ दाबण्याआधीची कामं

जातीवर व्हिडिओ टाकला की पुण्यात पहिली कमेंट मुद्द्यावर येत नाही, आडनावावर येते. ‘पूर्ण नाव सांगा ना, म्हणजे कळेल.’ मागोमाग ‘सरकारचे जावई’. बोलण्यात कुठे ‘पानी’ आलं असेल तर ‘आधी शुद्ध मराठी शिका’. यात नवीन काही नाही, आणि याला उत्तरं देत दुपार घालवण्यात तर काहीच नाही. टोमण्यांनी चॅनेल बुडत नाही. बुडतं ते फुगवलेल्या आकड्यानं, घाईत उडवलेल्या पुराव्यानं आणि बाहेर फुटलेल्या घरच्या पत्त्यानं. ही तिन्ही कामं व्हिडिओ टाकण्याआधीची आहेत.

आकड्यांचं बघा. १ जानेवारीला पेरणे फाट्यावरच्या कोरेगाव भीमा लढाईच्या विजयस्तंभावरून रील टाकणारे ‘पाचशे विरुद्ध अठ्ठावीस हजार’ म्हणून मोकळे होतात. १८१८ च्या त्या दिवशी लढाईत ईस्ट इंडिया कंपनीची तुकडी साधारण ८०० जणांची होती. त्यात महार सैनिक मोठ्या संख्येनं होते, पण फक्त तेच नव्हते. पेशव्यांची फौज २८,००० च्या घरात धरली जाते, मात्र प्रत्यक्ष हल्ल्याला उतरलेले साधारण २,०००. हे नीट सांगितल्यानं स्तंभाचं मोल तसूभरही कमी होत नाही. महार सैनिकांची ‘नाक’ लागलेली नावं दगडात कोरलेली आहेतच, आणि १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब तिथं आले होते हेही खरंच आहे. पण आकडा फुगवला की समोरच्याला तुमचा सगळा व्हिडिओ खोडावा लागत नाही. ते एक वाक्य कापून फिरवलं की त्याचं काम झालं. जागाही नीट सांगा. पुण्याहून नगर रस्त्यानं जाताना स्तंभ भीमा नदीच्या अलीकडे, पेरण्यात लागतो. कोरेगाव भीमा पुलापलीकडे. २४ सप्टेंबरचं तसंच. सत्यशोधक समाजाची स्थापना १८७३ ची, येरवडा तुरुंगातला पुणे करार १९३२ चा. तारीख एक, शहर एक, म्हणून पोस्टमध्ये वर्षांची अदलाबदल होते.

बाबासाहेबांचं किंवा जोतीरावांचं वाक्य घेतलंत तर खाली खंड आणि पान लिहा. बाबासाहेबांचे इंग्रजी खंड महाराष्ट्र शासनानंच छापलेत. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या रंगीत चौकटीतलं वाक्य खंडात सापडलं नाही, तर ते वापरायचं नाही. कितीही सोयीचं असलं तरी.

अमेरिकेतल्या वंशभेदावरच्या व्हिडिओंची भाषा जशीच्या तशी उचलण्याची एक सवय अलीकडे दिसते. नातं जुनं आहे, नाकारायचं कारण नाही: जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेत गुलामी मोडण्यासाठी झटणाऱ्यांना अर्पण केली होती, आणि १९७२ च्या दलित पँथरचं नाव ब्लॅक पँथरवरून आलं. पण तिथं रंग दिसतो. इथं जात काढून घ्यावी लागते, आणि काढून घ्यायच्या रीती अस्सल इथल्या आहेत. ‘मूळचे कुठले?’, ‘नॉनव्हेज करता का?’, ‘कुलदैवत कोणतं?’ भाड्याच्या घरांवरचा व्हिडिओ ‘प्रिव्हिलेज’पासून सुरू केलात तर आईवडिलांच्या वयाचा प्रेक्षक पहिल्या अर्ध्या मिनिटात उठतो. घरमालकाच्या फोनवरच्या या तीन प्रश्नांपासून सुरू करा, तो बसून राहील. ईशान्येकडून पुण्यात शिकायला आलेल्या मुलांची गोष्ट मात्र वेगळी: त्यांना कुणी आडनाव विचारत नाही, चेहरा बघूनच शेरा येतो. तो विषय जातीच्या व्हिडिओत शेवटची दोन मिनिटं म्हणून कोंबू नका. त्याला स्वतंत्र व्हिडिओ हवा आणि बोलणारं माणूस तिथलं हवं.

आता कमेंट. यूट्यूब स्टुडिओत अडवायच्या शब्दांची यादी भरता येते, इन्स्टाग्रामवरही तशी सोय आहे. बहुतेक जण चार शिव्या टाकतात आणि यादी चालत नाही म्हणून कुरकुरतात. मराठीत शब्दाला विभक्ती लागते. नुसता मूळ शब्द टाकून भागत नाही. त्याला ‘ला’, ‘चा’, ‘नी’, ‘नो’ लावलेली रूपंही टाका. प्रत्येक रूप देवनागरीत आणि रोमन लिपीत, रोमनमध्ये एकेरी आणि दुहेरी ‘ए’ची दोन्ही स्पेलिंगं, मधे टिंब किंवा स्टार घातलेली रूपं. एका शिवीच्या सहज दहा-बारा नोंदी होतात. ‘जावई’, ‘कोटा’, ‘फुकटे’ असले शब्द आले की कमेंट सरसकट उडवू नका, नाहीतर आरक्षणावर सरळ प्रश्न विचारणाराही अडकेल. ते तपासणीसाठी थांबवलेल्या कमेंटमध्ये जाऊ द्या आणि दिवसातून एकदाच बघा. आणि यादी दोन्ही बाजूंची हवी. ब्राह्मणांवर जातिवाचक शिवी घालणारी कमेंट ‘आपल्या बाजूची’ म्हणून ठेवली की तिचाच स्क्रीनशॉट तुमच्या नावानं फिरतो. शिवाय ती चूकच असते.

जयंत्या-पुण्यतिथ्यांना हल्ला वाढतो: ३ जानेवारी, ११ एप्रिल, १४ एप्रिल, २८ नोव्हेंबर, ६ डिसेंबर. त्या दिवशी व्हिडिओ टाकायचा असेल तर पहिले काही तास कमेंट बघायला दुसरं माणूस बसवा. तुमच्या आईला किंवा बायकोला नाही. त्यांना ते वाचायला लावणं क्रूरपणा आहे.

कमेंटचे तीन ढीग करा: प्रश्न, टोमणा, धमकी. प्रश्नाला उत्तर. टोमणा मारणाऱ्याला ब्लॉक करून मिरवू नका, यूट्यूबवर त्याला चॅनेलवरून लपवा. त्याच्या कमेंट इतरांना दिसत नाहीत, त्याला तसं कळवलं जात नाही, आणि तो रिकाम्या हॉलमध्ये बोलत बसतो.

धमकी आली की मात्र आधी काहीही डिलीट करायचं नाही. बहुतेक तक्रारी इथंच मरतात. राग येतो, कमेंट उडवली जाते, आणि पोलिसांपुढे ठेवायला उरतो तो कापलेला स्क्रीनशॉट, ज्यात ना तारीख दिसते ना व्हिडिओचं नाव. क्रम असा ठेवा. कमेंटखालच्या वेळेवर क्लिक केलं की त्या कमेंटची स्वतंत्र लिंक उघडते, तिच्यात ‘एलसी’ अशी खूण असते. ती कॉपी करा. लिहिणाऱ्याच्या चॅनेलचा ‘यूसी’नं सुरू होणारा आयडी घ्या, कारण हँडल तो उद्या बदलेल, आयडी बदलणार नाही. मग अॅड्रेस बार, तारीख आणि वेळ दिसेल असं स्क्रीन रेकॉर्डिंग, पानाची पीडीएफ, आणि या फाइलींचा हॅश, म्हणजे फाइलीत काहीही बदललं की बदलणारा ठशासारखा आकडा. विंडोजमध्ये त्यासाठी सर्टयुटिल ही कमांड आहे, वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. हॅश का? भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र द्यावं लागतं त्यात हॅशची जागा आहे. भाग ‘अ’ तुम्ही भरायचा, भाग ‘ब’ तज्ज्ञानं. ज्या फोनवर रेकॉर्ड केलं तो फोन विकू नका, रीसेट करू नका. हे सगळं झाल्यावर प्लॅटफॉर्मवर रिपोर्ट. यूट्यूब आणि मेटा दोघांच्याही द्वेषविषयक नियमांत जात स्पष्टपणे नोंदलेली आहे, तेव्हा ‘स्पॅम’ नव्हे, द्वेषाचा पर्याय निवडा.

कायद्याबद्दल अर्धवट माहिती फार फिरते. अॅट्रॉसिटी कायद्याचं कलम ३(१)(आर) अपमानाबद्दल आणि ३(१)(एस) जातीवाचक शिवीगाळीबद्दल आहे. तक्रारदार अनुसूचित जाती-जमातीचा आणि आरोपी त्याबाहेरचा असावा लागतो, आणि प्रकार लोकांच्या नजरेत येईल अशा ठिकाणी घडलेला असावा लागतो. उघड कमेंट आणि खासगी मेसेज यांत इथं मोठा फरक पडतो. इंटरनेटवर टाकलेला मजकूरही ‘लोकांच्या नजरेत’ धरता येतो असं केरळ उच्च न्यायालयानं २०२२ मध्ये म्हटलं आहे. इनबॉक्समध्ये आलेल्या धमकीला भारतीय न्याय संहितेचं ३५१, बाईचा ऑनलाइन पाठलाग असेल तर ७८. अनुसूचित जाती-जमातीच्या यादीत नसलेल्या ओबीसी, भटक्या किंवा मुस्लिम क्रिएटरना अॅट्रॉसिटी कायदा लागू नाही, त्यांना न्याय संहितेवरच चालावं लागतं. आणि कुणी ‘आयटी कायद्याचं ६६ अ लावा’ म्हणालं तर ते कलम सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्येच रद्द केलंय.

पुणे शहर, पिंपरी-चिंचवड आणि पुणे ग्रामीण अशी पोलिसांची तीन वेगळी दलं आहेत. ‘आमच्या हद्दीत येत नाही’ हे उत्तर मिळालं तर झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात नोंदवली जाणारी फिर्याद, मागा. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तो अधिकार आहे. इलेक्ट्रॉनिक मार्गानं माहिती दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. सही करायला न गेल्यानं अर्ज तसाच पडून राहतो. अत्याचारविरोधी राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६६. १९३० हा नंबर मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी आहे.

कायदा उलटाही फिरतो. न्याय संहितेचं १९६ समाजांत तेढ लावल्याबद्दल, २९९ धार्मिक भावना दुखावल्याबद्दल, ३५६ बदनामीबद्दल. म्हणून रूढीवर, ग्रंथावर, व्यवस्थेवर बोला. ‘अमुक जातीचे सगळे’ हे वाक्य स्क्रिप्टमधून काढून टाका. सोसायटीचं किंवा घरमालकाचं नाव घ्यायचं तर लेखी पुरावा हातात असला पाहिजे.

पत्ता फुटण्याच्या वाटा मात्र कुणाच्या लक्षात येत नाहीत. सगळ्यात चलाख वाट कॉपीराइटची. कुणीतरी खोटा कॉपीराइट दावा करून व्हिडिओ उतरवतो. तुम्ही चिडून प्रतिनोटीस, म्हणजे ‘दावा खोटा आहे’ असा उलट अर्ज, भरता. त्या अर्जात खरं नाव आणि पत्ता लागतो, आणि तो दावा करणाऱ्याकडे जातो. त्याला न्यायालयात जायला १० कामकाजाचे दिवस मिळतात. तो जात नाही, कारण हवं ते त्याला मिळालेलं असतं. प्रतिनोटीस वकिलामार्फत पाठवता येते, पत्ता वकिलाचा जातो. ९० दिवसांत कॉपीराइटचे तीन स्ट्राइक (चॅनेलच्या नावावर लागणारे ठपके) म्हणजे चॅनेल जाऊ शकतं, त्यामुळे दुर्लक्षही परवडत नाही. वकील आधीच ठरवून ठेवा. भीमगीत मागे लावल्यावर येतो तो बहुधा कंटेंट आयडीचा, म्हणजे गाणं आपोआप ओळखणाऱ्या यूट्यूबच्या यंत्रणेचा दावा. तो स्ट्राइक नव्हे. बहुतेक वेळा जाहिरातीचे पैसे म्युझिक कंपनीकडे जातात.

दुसरी वाट यूपीआयची. वर्गणीसाठी क्यूआर लावला की स्कॅन करणाऱ्याला बँकेतलं पूर्ण नाव दिसतं, आणि मोबाइल नंबरवरचा आयडी असेल तर नंबरही. वेगळ्या नावाचं चालू खातं उघडा. तिसरी वाट खिडकी: मागे पर्वती कुठल्या कोनातून दिसते यावरून पुणेकर तुमची गल्ली सांगेल. पडदा ओढा.

शेवटी ज्यांच्या मुलाखती घेता ते लोक. वस्तीतली एखादी बाई कामाच्या घरी वेगळा कप मिळतो हे सांगते, तेव्हा धोका तुमच्यापेक्षा तिला जास्त असतो. संमती लेखी घ्याच, पण एकच ‘हो’ घेऊ नका. चेहरा चालेल का, आडनाव चालेल का, गाव चालेल का, काम कुठल्या भागात करता ते चालेल का, हे वेगवेगळं विचारा. जात, गाव आणि कामाची सोसायटी ही तीन टोकं एकत्र आली की चेहरा झाकूनही माणूस ओळखू येतो. चेहरा नंतर धूसर करण्यापेक्षा सुरुवातीपासून हातांवर किंवा पाठीमागून शूट करा. मूळ फाइलच सुरक्षित राहते. आवाजाची पट्टी बदलणं पुरेसं नाही, ती उलटी फिरवता येते. तिचे शब्द दुसऱ्या बाईकडून वाचून घ्या. आणि व्हिडिओ टाकण्याआधी तिला तो फोनवर पूर्ण दाखवा, कारण स्वतःचं बोलणं ऐकल्यावर बरेच जण एखादं वाक्य काढायला सांगतात. ते काढायचं, वाद न घालता, अगदी ते व्हिडिओतलं सगळ्यात जोरकस वाक्य असलं तरी.