झेरॉक्स मार, झेरॉक्स काढ

झेरॉक्स या एका शब्दाकडून आपण मुंबईत किती कामं करून घेतो ते बघा. आधारची झेरॉक्स म्हणजे कागद, 'झेरॉक्सवाला' म्हणजे माणूस, 'झेरॉक्सच्या बाजूच्या गल्लीत वळा' म्हणजे पत्ता, आणि बारशाला आलेली मावशी पाळण्यात डोकावून 'अगं, ही तर अगदी बापाची झेरॉक्स!' म्हणते तेव्हा तर विषयच संपला. आणि दुकानात मशिन बघाल तर बऱ्याचदा कॅननचं नाहीतर रिकोचं.

गंमत अशी की खुद्द झेरॉक्स कंपनीला हे अजिबात नको होतं. चेस्टर कार्लसन नावाच्या माणसाने 1938 साली न्यूयॉर्कच्या अॅस्टोरिया भागात पहिली कोरडी कॉपी काढली, कोरडी म्हणजे ओली केमिकल्स न वापरता, आणि नावही त्यावरूनच पडलं, ग्रीकमध्ये झेरॉस म्हणजे कोरडं. मग 1959 ला कंपनीचं 914 नावाचं मशिन आलं, ऑफिसाऑफिसांत गेलं, आणि लोक सरळ 'टू झेरॉक्स' म्हणायला लागले. म्हणजे ब्रँडचं नाम होतं त्याचं क्रियापद झालं. कंपनीने वर्षानुवर्षं जाहिराती दिल्या की बाबांनो असं म्हणू नका, फोटोकॉपी म्हणा, कारण नाव एकदा सगळ्यांचं झालं की ट्रेडमार्क जाऊ शकतो. एस्कलेटर हा शब्द अमेरिकेत 1950 साली असाच हातातून गेला, थर्मॉस 1963 ला. त्या जाहिराती आपल्या फोर्टात कोर्टाबाहेर लावल्या असत्या तर तिथल्या झेरॉक्सवाल्याने त्यांचीही झेरॉक्स काढून दिली असती, वर 'बॅक टू बॅक करू का?' विचारलं असतं.

इंग्रजीला हे असं करणं फार सोपं जातं. शब्दाला काही जोडायचं नाही, वाक्यात जागा बदलली की नामाचं क्रियापद. टेक्स्ट, मेल, वॉटर, काहीही. गूगल हे क्रियापद तर 2006 मध्ये ऑक्सफर्डच्या डिक्शनरीतही गेलं. कधी कधी फरक फक्त उच्चारात असतो, रेकॉर्ड नाम असेल तर जोर पहिल्या भागावर आणि क्रियापद असेल तर दुसऱ्यावर, जे आपण कोणी पाळत नाही आणि त्यावाचून आपलं काही अडलेलं नाही.

आता मराठीत काय होतं, तर आपण त्या शब्दाला क्रियापद होऊच देत नाही. आत घेतो, बसवतो, पाणी विचारतो, पण काम आपलंच कुणीतरी करतं: कर, मार, काढ, दे, टाक, लाव. आणि खरी मजा इथेच आहे कारण हे सगळे एकमेकांच्या जागी चालत नाहीत. फॉर्म भरताना झेरॉक्स 'काढतात', फोटो काढतात तशी. कॉलेजच्या पोरांना घाई असते म्हणून ती 'मारतात', दोन झेरॉक्स मार ना पटकन. आजीला फोन 'करतात', मित्राला कॉल 'मारतात', उलटं म्हणून बघा, आजीला कॉल मारला म्हटलं की कसंतरीच वाटतं. फोन 'लावला' म्हणजे उचलला की नाही कोणास ठाऊक. आणि स्टेटस टाकतात किंवा ठेवतात, मारत नाहीत. मार हे तर मुंबईचं लाडकं, राऊंड मार, कट मार, लेक्चर बंक मार आणि शेवटी कल्टी मार. हा सगळा बारकावा इंग्रजी शब्दात नाहीये, तो मागच्या दोन अक्षरी मराठी शब्दात आहे, आणि इंग्रजी मराठीला खातंय म्हणून जे रडतात त्यांनी जरा तिकडेही बघावं असं मला वाटतं.

बरं, नाम आणि क्रियापद एकच असणं आपल्याला नवीन आहे असंही नाही. गाणं बघा की. छान गाणं लागलंय हेही गाणं आणि गाणं शिकायचंय हेही गाणं. खाणं, देणं, दुखणं, सगळी तीच तऱ्हा. आणि फारसी-अरबीतून आलेल्यांना तर आपण थेट णे लावून घरचं करून टाकलं, खर्चणे, बदलणे, फर्मावणे. मग इंग्रजीलाच का नाही? नेटवर काही जण लिहितात 'जरा गुगलून बघ', मला ते आवडतं, जिभेवर पटकन बसतं. पण झेरॉक्सणे? नाही हो. शेवटी तो क्स आहे ना, त्याच्यापुढे णे म्हणताना जीभ अडखळते. व्याकरणाचा काही संबंध नाही, तोंडाला सोयीचं असेल ते टिकतं.

लिंगाचं मात्र अजून ठरत नाही. झेरॉक्स 'ती', कारण प्रत ती आणि कॉपीपण ती, असं मी मनाशी धरलंय. मेसेज 'तो', निरोप तो म्हणून असेल. पण मेलचा पार गोंधळ आहे. आमच्या ऑफिसात अर्ध्यांना मेल येतो, अर्ध्यांना मेल येते, आणि एका टेबलावर मेल येतं. रिप्लाय मात्र सगळ्यांचा 'तो'च असतो, आला तर.